किरायेदाराचा कचरा, घरमालकाचं गेट: जबाबदारी कुणाची आणि कुठपर्यंत?

अंगणवाली (मानेवाडा)

नमस्कार मंडळी. आमचं घर नागपुरात मानेवाडा रिंग रोडजवळच्या एका ले-आउटमध्ये आहे. खाली मी आणि हे. वरच्या माळ्यावर दोन पोर्शन किरायाने दिले आहेत. एकात इंजिनीअरिंगचे चार पोट्टे, दुसऱ्यात नवरा-बायको आणि त्यांची चार वर्षांची मुलगी. सगळे मिळून नऊ माणसं आणि फाटक एकच.

गेल्या सोमवारी सकाळी बेल वाजली. दारात महापालिकेच्या उपद्रव शोध पथकाचे दोघं उभे. बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर कचऱ्याच्या प्लास्टिक पन्न्यांचा ढीग साचला होता. एका फाटलेल्या पन्नीतून ऑनलाइन मागवलेल्या सामानाचं खोकं निघालं आणि त्यावर आमचा पत्ता होता. दंडाची पावती माझ्या नावाने फाटली.

या घरात मी तीस वर्षांपासून आहे. ओला-सुक्याचे डबे गल्लीत सगळ्यात आधी आमच्याकडे आले. त्यामुळे पावती हातात घेऊन मी तडक वर गेले. बोलायचं ते बोलले. चौघं मान खाली घालून ऐकत होते. मग त्यातला एक म्हणाला, "काकू, नळाची वेळ तुम्ही सांगितली, फाटकाला कुलूप किती वाजता लागते ते सांगितलं, गाड्या कुठे लावायच्या ते सांगितलं. कचऱ्याची गाडी केव्हा येते आणि तोवर कचरा कुठे ठेवायचा, हे काही सांगितलं नाही."

मी खाली आले. राग होताच, पण त्याच्या बोलण्याला उत्तर सुचेना. पोट्टे साडेसातला बाहेर पडतात आणि गाडी नऊ ते दहाच्या मध्ये कधीतरी येते. सुरुवातीला ते पन्नी जिन्यात ठेवायचे. वास येते म्हणून मीच मना केलं. मग फाटकाला अडकवू लागले, ती गाईंनी ओढून फाडली. त्यानंतर प्लॉट.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कायद्याने घरमालक म्हणून माझ्याकडे नेमकं काय येते? आणि कायद्याचं सोडलं तरी, मी काय करायला पाहिजे होतं?

रोखठोक_महाल

काकू, पावतीचे पैसे डिपॉझिटमधून कापा. पुढच्या वेळी आठवण राहील. आमच्या वाड्यात तीन किरायेदार आहेत, पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं की कचऱ्याची तक्रार आली तर रूम खाली.

दुसरा_माळा

मी सात वर्षांपासून नागपुरात किरायाने राहतो. नंदनवन, त्रिमूर्तीनगर, आता प्रतापनगरजवळ. सात वर्षांत चार घरं बदलली. एकाही मालकाने रूम दाखवताना कचऱ्याची जागा दाखवली नाही. बाथरूम दाखवतात, मीटर दाखवतात, कुलर कोणत्या खिडकीला लागेल ते दाखवतात. दुसऱ्या घरी मालकांचे दोन डबे फाटकाच्या आत होते, पण "ते आमचे आहेत". आमचा कचरा वेगळा ठेवा म्हणाले. कुठे ठेवायचा ते नाही सांगितलं.

ऑफिसला जाताना मी कचरा गाडीच्या डिक्कीत टाकून नेत होतो आणि रस्त्यात एखादी कचरागाडी दिसली की देत होतो. मे महिन्यात एकदा विसरलो. संध्याकाळी डिक्की उघडली तेव्हाची घाण अजून आठवते. म्हणून रूम खाली करा म्हणणाऱ्या भाऊंना विचारतो: तुमच्या वाड्यात तीन किरायेदारांचा कचरा गाडी येईपर्यंत कोणत्या जागी राहतो?

रोखठोक_महाल

ज्याच्या त्याच्या घरात राहतो. जागा कमी आहे वाड्यात.

काळा_कोट (सिव्हिल लाइन्स)

कायद्याचं क्रमाने सांगतो, कारण यात तीन वेगवेगळे कायदे एकमेकांत गुंततात.

पहिला, घनकचरा व्यवस्थापन नियम. अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तिच्या पाठोपाठ २००० सालचे नियम आले, मग २०१६ चे आणि आता २०२६ चे, जे १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत. २०१६ पासून हे नियम कचरा "निर्माण करणाऱ्या"कडे बोट दाखवतात. घर कुणाच्या नावावर आहे याने फरक पडत नाही. वेगळा करायचा, रस्त्यावर, नालीत किंवा मोकळ्या जागेत टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचा नाही, ही बंधनं वरच्या माळ्यावरच्या पोरांनाही तेवढीच लागू आहेत. पूर्वी तीन भाग होते. नव्या नियमांत चार आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, म्हणजे रंगाचे डबे, बल्ब, पाऱ्याचे थर्मामीटर, उरलेली औषधं.

दुसरा, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. यात आपल्या जागेतला केरकचरा गोळा करून ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी देण्याची जबाबदारी मालक आणि भोगवटादार, म्हणजे तिथे राहणारा, या दोघांवर आहे. मालमत्ता कराच्या नोंदीत नाव मालकाचं असतं, म्हणून नोटीस आणि पावती बहुतेक वेळा मालकाकडे जाते. काकूंच्या बाबतीत तेच झालं. किरायेदाराची चूक असली तरी मालक पूर्ण बाजूला होऊ शकत नाही.

तिसरा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९. हा भाग घरमालक सहसा वाचत नाहीत. कलम २९ म्हणतं की घरमालकाने भाडेकरूची अत्यावश्यक सेवा तोडायची नाही की अडवायची नाही. त्या सेवांची यादी दिली आहे: पाणी, वीज, जिन्यातले आणि बोळीतले दिवे, लिफ्ट आणि साफसफाईची सेवा. पाणी-विजेच्या ओळीतच साफसफाई आहे. सफाई कामगाराला फाटकाच्या आत येऊ न देणं किंवा सामाईक डबा किरायेदाराला वापरू न देणं, याकडे मी त्याच नजरेने पाहीन. शिवाय कलम १४ खाली घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. चेंबर तुंबलं, सांडपाण्याचा पाइप फुटला आणि १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश.

दंड डिपॉझिटमधून कापण्याबद्दल: करारात तसं लिहिलेलं नसेल आणि नेमका कुणी टाकला हे सिद्ध होत नसेल, तर कापू नका. भांडण तुमच्याच अंगावर येईल.

प्रतापनगर_३०२

सर, पण आजकाल सगळे ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्सच करतात. त्याला कलम २९ लागतं का?

काळा_कोट

चांगला प्रश्न. लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत "भाडेकरू" नसून परवानाधारक असतो. म्हणून कलम २९ त्याला जसंच्या तसं लागेल असं धरून चालू नका. त्याचा खरा आधार करारनामा. म्हणूनच मी म्हणतो की कचऱ्याचं कलम करारात हवंच. आणि करार नोंदवायची जबाबदारी कलम ५५ प्रमाणे मालकाची आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शंभराच्या स्टॅम्पवर सही करून कपाटात ठेवलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे.

सकाळची_पाळी

मी फार लिहीत नाही, पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं. माझी आई बावीस वर्षांपासून सफाईचं काम करून राहिली. आधी झाडूवर, आता गाडीसोबत.

ती सांगते की गल्लीत सगळ्यात अवघड घरं कोणती, तर खाली मालक आणि वर किरायेदार असलेली. गाडीचं गाणं वाजतं, खालची बाई आपले दोन डबे आणते. आई विचारते, वरचा? उत्तर येते, वरच्यांचं वरच्यांना विचारा. वर कोणी नसते. एका गल्लीत चाळीस घरं, मागे दुसरी गल्ली. एका घरापुढे अर्धं मिनिट उभं राहिलं तरी शेवटच्या घरापर्यंत ऊन डोक्यावर येते. गाडी पुढे जाते. दुसऱ्या दिवशी प्लॉटवर पन्नी दिसते, आणि तो प्लॉट उचलायलाही आईच जाते. म्हणजे जो कचरा हातात डबा घेऊन मिळाला असता, तो कुत्र्यांनी पसरवल्यावर वाकून वेचावा लागते.

गाडीत ओल्या-सुक्याचे खण वेगळे आहेत. गाठ मारलेली पन्नी आली की तिच्यात काय आहे ते दिसत नाही. उघडून पाहायला वेळ नसते. वरणभात, डायपर, बाटली सगळं एकात निघते आणि मग ते खत करायच्या कामाचं राहत नाही, भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाऊन पडते.

दोन वर्षांपूर्वी एका पन्नीत फुटलेली ट्यूबलाइट होती. आईच्या तळहाताला चार टाके पडले. ज्या घरातून ती पन्नी आली तिथल्या लोकांना आजही माहीत नाही. कोणी वाईट म्हणून टाकली नसेल. रूम सोडून जात होते, घाईत भरली असेल. काच निघाली तर जाड कागदात गुंडाळा, वर पेनाने "काच" लिहा आणि हातात देताना तोंडाने सांगा. आई लिहिलेलं वाचते. इन्सुलिनच्या सुया असतील तर जाड प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून द्या.

अंगणवाली काकू, तुमच्या पोट्ट्यांनी विचारलेलं बरोबर आहे. पण तुम्ही ते इथे येऊन सांगितलं, याचं मला बरं वाटलं.

अंगणवाली

ताई, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. "वरच्यांचं वरच्यांना विचारा" हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. एकदा नाही, रोज.

पुण्यातून_पाहणारा

माझा फ्लॅट वर्धा रोडला आहे, मी पुण्यात असतो. एजंटने किरायेदार आणला, करार ऑनलाइन झाला, किल्ली वॉचमनने दिली. किरायेदार रात्री डक्टमध्ये कचरा फेकतो असं सोसायटीचं पत्र आलं. चौकशी केली तर सोसायटीचा नियम असा होता की सकाळी आठच्या आत ओला हिरव्या आणि सुका निळ्या डब्यात दाराबाहेर ठेवायचा. नियम चांगला होता, पण सूचना मालकांच्या ग्रुपवर होती आणि किरायेदार त्या ग्रुपवर नव्हता. बाहेर राहणाऱ्या मालकांनी किमान हे एक पाहावं की सोसायटीच्या सूचना राहणाऱ्या माणसापर्यंत पोचतात. मी नंतर दोन डबे घेऊन पाठवले. महिन्याच्या किरायापुढे तो खर्च काहीच नव्हता.

रोखठोक_महाल

सगळं मालकानेच करायचं तर किरायेदाराने काय करायचं? आम्ही किराया घेतो ते घराचा. त्यांचे डबे घासायचा नाही. एक पोट्टा तर असा होता की डबा दिला, गाडीची वेळ सांगितली, तरी रात्री अकराला गच्चीवरून पन्नी नालीत. पावसाळ्यात नाली तुंबली आणि पाणी माझ्या देवघरात शिरलं. तेव्हा कोणता नियम आला मदतीला?

काळा_कोट

भाऊ, तुमचं म्हणणं खोटं नाही. जागा, डबा आणि माहिती दिल्यावरही कुणी नालीत टाकत असेल तर तो पूर्णपणे त्याचा दोष, आणि तेव्हा तुमची बाजू भक्कम असते. लेखी सांगा, फोटो ठेवा, करारातल्या कलमावर बोट ठेवा. पण आधी तुमचा भाग झालेला हवा.

दुसरा_माळा

देवघरात पाणी शिरलं हे वाचून वाईट वाटलं भाऊ. तसा रूममेट मलाही मिळाला होता एकदा. त्याच्या वाटचं आम्ही बाकीचे तिघं करायचो, कारण मालक चौघांना मिळूनच बोलत. म्हणून म्हणतो, एका रूममध्ये चार जण असतील तर वार वाटून द्या. कागद दाराच्या मागे चिकटवा. चौघांचं काम म्हटलं की कोणाचंच होत नाही.

मेसच्या_मागे (हनुमाननगर)

एका गोष्टीवर कोणी बोललं नाही म्हणून मी बोलते. मी मुलींच्या पीजीत तीन वर्षं काढली. बाथरूमच्या दारावर पाटी होती: "पॅड डब्यात टाकू नये." मग कुठे टाकावे ते लिहिलं नव्हतं. बारा मुली. काही जणी फ्लश करायच्या, काही जणी वर्तमानपत्रात गुंडाळून चार दिवस कपाटात ठेवायच्या आणि रविवारी बाहेर नेऊन टाकायच्या. चेंबर तुंबलं की मालकीणबाई सगळ्यांना अंगणात उभं करून विचारायच्या, कोणाचं आहे?

त्या दिवसांची लाज अजून अंगावर येते. आणि वर कोणीतरी लिहिलंय तसं, ते कागद उघडे पडले की हाताने उचलणारी बाईच असते.

२०१६ च्या नियमांतही पॅड आणि डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात द्यायचे असं होतं. आता तर त्याचा वेगळा भाग केलाय. मुलींना रूम देणाऱ्या प्रत्येकाने प्रत्येक बाथरूममध्ये झाकणाचा छोटा डबा आणि शेजारी जुन्या वर्तमानपत्रांची चळत ठेवावी. कागदावर लाल पेनाने एक ठिपका काढला की उचलणाऱ्याला कळतं. तो डबा रोज रिकामा करणं मुलींनी वाटून घ्यावं. पण डबा मालकाने ठेवायचा. ती पाटी तेवढी काढा.

सकाळची_पाळी

ठिपक्याबद्दल धन्यवाद ताई. आईला आता विचारलं. म्हणाली की ज्या घरातून असा ठिपका येते त्या घरची पन्नी ती वेगळ्या हाताने धरते, आणि मनात त्या घराला चांगलं म्हणते.

वाळलं_पान (बजाजनगर)

अंगणवाली ताई, तुमच्याकडे अंगण आहे म्हणून थोडं खताबद्दल सांगतो. आमच्याकडेही वर दोन किरायेदार आहेत. सहा वर्षांपासून तिन्ही घरांचा ओला कचरा आम्ही बाहेर जाऊच दिला नाही.

नागपुरात ओल्या कचऱ्याचं सगळं दुखणं उन्हाचं आहे. पारा पंचेचाळीसवर गेला की सकाळच्या भाजीच्या देठांना संध्याकाळी पाणी सुटते आणि दुसऱ्या दिवशी अळ्या. त्यात तो बंद पन्नीत असला तर विचारायलाच नको. म्हणून आधी पन्नी बंद करा. ओला कचरा उघड्या डब्यात, तळाशी वर्तमानपत्र.

नऊ माणसांचा ओला कचरा दिवसाला साधारण दोन किलो धरा. दोनशे लिटरचे दोन ड्रम घ्या, बाजूंना आणि बुडाला छिद्रं पाडा, विटांवर ठेवा. एक ड्रम भरत जायचा, दुसरा मुरत ठेवायचा. प्रत्येक वेळी ओला टाकला की त्याच्या दीडपट-दुप्पट वाळलेली पानं वरून. इथेच सगळे चुकतात. फक्त ओलं टाकत जातात, मग वास येते आणि "खत आपल्याकडे जमत नाही" म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गल्लीतली झाडं इतकी पानं टाकतात की लोक ती जाळतात. ती पोत्यांत भरून ठेवली की वर्ष निघते. सुरुवातीला आंबट ताक किंवा जुनं खत मूठभर. आठवड्यातून दोनदा हलवायचं. उन्हाळ्यात कोरडं पडते तेव्हा पाणी शिंपडायचं, पावसाळ्यात झाकायचं. दोन-तीन महिन्यांत खाली काळं, मातीच्या वासाचं खत तयार.

संत्र्याचा हंगाम सुरू झाला की सालं बारीक तोडून टाका, एकदम ढीग घालू नका. सालातल्या तेलाने कुजणं मंदावते. हाडं आणि काटे ड्रममध्ये नको, घुशी येतात. ते गाडीच्या ओल्यात द्या.

किरायेदारांना मी काय सांगितलं? एवढंच की ओला तुम्ही निवडून ड्रममध्ये टाका, पुढचं मी पाहतो. आणि वर्षातून दोनदा खत अर्धं त्यांचं. वरच्या वहिनींनी गच्चीवर चौदा कुंड्यांत टमाटे-वांगी लावली आहेत.

पानं जाळण्यावरून एक सांगतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंड सांगितला होता. हिवाळ्यात शेकोटीच्या नावाखाली पन्न्या जाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पूर्वेचा_वारा (वाठोडा)

जाळण्याचा विषय निघाला म्हणून. आम्ही भांडेवाडीच्या बाजूला राहतो. शहराचा रोजचा हजार-बाराशे टन कचरा आमच्या दिशेने येतो. उन्हाळ्यात ढिगाला आग लागली की खिडक्या लावून, कुलर बंद करून बसावं लागते, कारण कुलर बाहेरची हवा आत ओढते. पंचेचाळीस डिग्रीत कुलर बंद करून लहान लेकरू झोपवून पाहा. तुमच्या अंगणात मुरणारे दोन किलो आमच्याकडे येत नाहीत, एवढंच सांगायचं होतं.

सावजी_शेजारी

हाडांवरून आठवलं. "नॉनव्हेज खाणाऱ्यांना रूम नाही, कचऱ्याला वास येते" असं मला इथे पाच घरी ऐकावं लागलं. वास सगळ्याच ओल्या कचऱ्याला येतो, कोबीच्या पानांनाही. आम्ही हाडं कागदात गुंडाळून बर्फाच्या खणात ठेवतो आणि सकाळी गाडी आली की देतो. कुत्रं नाही, माशी नाही. कचऱ्याची चांगली सोय करून द्या आणि मग नियम सांगा. माणसं पारखायला कचऱ्याचं निमित्त करू नका.

बेसा_रोड

एक छोटी गोष्ट. आमच्याकडे बेसा-पिपळा नगरपंचायत आहे, महापालिका नाही. गाडी वेगळी, वेळ वेगळी, तक्रारीची जागा वेगळी. शहरातून इकडे राहायला आलेले किरायेदार महापालिकेत फोन करत बसतात. आपलं घर कुणाच्या हद्दीत आहे हे मालकाने सांगावं. महापालिकेत असाल तर झोन कोणता तेही सांगावं, दहा झोन आहेत.

किल्ली_परत (अयोध्यानगर)

रूम सोडतानाचा कचरा हा वेगळाच प्रकार आहे. मे-जूनमध्ये परीक्षा संपल्या की पोट्टे एका रात्रीत जातात. मागे काय राहते? फाटकी गादी, मोडका टेबल, कुलरच्या कुजलेल्या ताट्या, नोट्सचे गठ्ठे, चार्जर, संपलेल्या बॅटऱ्या. हे गाडीवाला घेत नाही आणि त्याने का घ्यावं? गादी मोकळ्या प्लॉटवर गेली की पावसात भिजून तिथेच सडते. कुलरची टाकी उघडी राहिली तर पाणी साचते, आणि आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात.

मी आता असं करते. शेवटच्या दिवसाच्या एक आठवडा आधी रूममध्ये जाऊन पोरांसोबत बसते. कबाडीवाल्याला त्याच दिवशी बोलावते. कागद, लोखंड, प्लास्टिक त्याच्याकडे, पैसे पोरांना. पुस्तकं पुढच्या बॅचला. बॅटऱ्या-चार्जर एका खोक्यात वेगळे. उरलं ते काय आणि उचलायला किती लागेल ते तिथेच ठरवते आणि तेवढंच डिपॉझिटमधून घेते, तेही कागदावर लिहून. तीन वर्षांत एकदाही भांडण झालं नाही.

प्रतापनगर_३०२

वकीलसाहेब, करारात टाकायला मजकूर द्याल का? आमचा एजंट म्हणतो असं कलम कोणी टाकतच नाही.

काळा_कोट

एजंटने पाहिलं नसेल, पण टाकायला काही मनाई नाही. साध्या मराठीत असं लिहा:

"घरमालक फाटकाच्या आत, सर्व राहणाऱ्यांना हात पोचेल अशा जागी, ओल्या व सुक्या कचऱ्यासाठी झाकणाचे स्वतंत्र डबे आणि सॅनिटरी कचऱ्यासाठी वेगळा डबा ठेवील. कचरागाडीची वेळ व तीत झालेला बदल राहणाऱ्यांना कळवील. राहणारे आपला कचरा वेगळा करून या डब्यांतच टाकतील. रस्ता, नाली, गच्ची, डक्ट किंवा मोकळ्या जागेत टाकणार नाहीत व जाळणार नाहीत. डबे गाडीपर्यंत नेण्याचे व धुण्याचे काम सोबतच्या वेळापत्रकाप्रमाणे होईल. एखाद्या राहणाऱ्याच्या कृत्यामुळे दंड झाल्यास व ते कृत्य पुराव्याने दिसत असल्यास तो दंड त्याने भरावा. घर सोडताना जड सामान व इलेक्ट्रॉनिक वस्तूंची विल्हेवाट उभयतांनी आधी लेखी ठरवावी."

यात पहिली दोन वाक्यं मालकावर आहेत हे मुद्दाम. अनेक मालक तिसऱ्या वाक्यापासून सुरुवात करतात.

अंगणवाली

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

फाटकाच्या आत डावीकडे, पाण्याच्या टाक्यापासून दूर, कडुलिंबाच्या सावलीत तीन डबे ठेवले. हिरवा, निळा आणि एक लहान झाकणाचा. हिरव्याच्या झाकणावर वीट, मांजरासाठी. भिंतीवर खडूने गाडीची वेळ लिहिली आहे, बदलली की पुसून नवी लिहिते. गाडी आली की तिन्ही डबे मी बाहेर नेते, कारण त्या वेळी घरी मीच असते. धुणं दर रविवारी, आळीपाळीने. पहिल्या रविवारी पोट्टे उठलेच नाहीत. मी धुतले नाहीत, तसेच राहू दिले. सोमवारी संध्याकाळी त्यांनी आपणहून धुतले.

दंडाचे पैसे मी कापले नाहीत. प्लॉट मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून साफ केला, त्या छोट्या मुलीने हातात फडा धरून. सहा पोती निघाली. अर्ध्या गोष्टी आमच्या घरच्या नव्हत्याच.

खताचा एक ड्रम सुरू केला आहे. सध्या वास येते आहे, वाळलं पान भाऊ, बहुतेक पानं कमी पडून राहिली.

काल गाडीवरच्या बाईंनी विचारलं, "वरचा?" मी म्हटलं, यातच आहे.

वाळलं_पान

ताई, चार पोती पानं आहेत माझ्याकडे. रविवारी डबे धुऊन झाले की पोट्ट्यांना पाठवा.